गल्लीतलं पाणी बंद झालं

तक्रारीचा अर्ज तिसऱ्यांदा टेबलावर आला तेव्हा निकालीसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि खालची सही पाहून कपाळाला हात लावला. सही त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीची होती.

'निकालीसाहेब' हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. नगरपालिकेच्या विभाग कार्यालयात ते अभियंता होते, आणि आलेल्या प्रत्येक तक्रारीवर आठ दिवसांच्या आत 'निकाली' असा शिक्का मारायचाच, हा त्यांचा खाक्या होता. कार्यालयाच्या जिन्यापाशी एक फळा होता. दर शनिवारी त्यावर प्रत्येक विभागाच्या शिल्लक तक्रारींचा आकडा लिहिला जाई. इतरांचे आकडे चाळीस, पंचावन्न, सत्तर. यांचा गेली दोन वर्षं शून्य! माणूस वाईट नव्हता हो. लाच खात नव्हता, वेळेवर येत होता, शिपायालासुद्धा 'अहो' म्हणत होता. फक्त तक्रार मिटली की अडचण मिटली, असा त्याचा समज होता. आणि असा समज त्या एकट्याचाच होता, असं म्हणून तुम्हाआम्हाला अंग झटकता येणार नाही.

अर्जात लिहिलं होतं की टेकडीवरच्या राडारोड्याच्या ढिगातून गल्लीत पांढुरकं, चिकट पाणी येतं, लोक घसरून पडतात, दुकानातला माल खराब होतो, तरी ते ताबडतोब बंद करावं.

या ढिगाविषयी आधी सांगायला हवं. टेकडीच्या पोटात दगडाची एक जुनी खाण होती. दगड संपला, खाण बंद पडली, खड्डा उरला. आणि शहराला फुकटचा खड्डा सापडला तर शहर सोडतंय होय? आपण न्हाणीघराची फरशी बदलतो, भिंत पाडून दोन खोल्यांची एक करतो. ट्रक येतो, पोती भरून नेतो, आपण दार लावून घेतो. तो ट्रक पुढे कुठे गेला, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलंय? मी तरी कधी विचारलं नव्हतं. ते ट्रक त्या खाणीत जात होते. फुटक्या विटा, गिलाव्याचे पोपडे, इमारतींच्या तळघरांसाठी उपसलेली ओली चिकणमाती, सगळं तिथे. खड्डा काठोकाठ भरला तरी ट्रक थांबले नाहीत. सहा वर्षांत खड्ड्याचा ढीग झाला आणि ढीग सात मजली उंच झाला. त्याच्या पायथ्याशी चव्वेचाळीस घरांची एक गल्ली होती, आणि गल्लीच्या वरच्या टोकाचं पहिलंच दुकान ताईचं.

ताई पडदे शिवायची. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. दाजी तिथेच एका कोपऱ्यात शिलाईची यंत्रं दुरुस्त करत बसायचे. खाण चालू असताना तळाचं पाणी बाहेर काढायला सिमेंटचा एक जाड पाइप टाकला होता. त्याचं तोंड ताईच्या दुकानापासून दहा पावलांवर उघडत होतं आणि तिथूनच ते पाणी रात्रंदिवस गल्लीत वाहत होतं.

त्याच संध्याकाळी ताईने भावाला फैलावर घेतलं.

"छोट्या, जगाच्या तक्रारी मिटवतोस आणि सख्ख्या बहिणीच्या दारातली घाण दिसत नाही तुला?" सेहेचाळीस वर्षांच्या अभियंत्याला 'छोट्या' म्हणणारी जगात ती एकटीच होती. "हे बघ, पडद्याची कड जमिनीला टेकली की डाग. गेल्या महिन्यात चार पडदे परत आले."

"ढिगाच्या कंत्राटदाराला पत्र दिलंय ताई."

"पत्राने फरशी पुसू का मी?"

दाजी यंत्रात तेल सोडता सोडता हसले. "मेहुणे, आता तुमची धडगत नाही. मी वीस वर्षं अनुभव घेतोय."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोन गवंडी पाठवले. वाळूची पोती कोंबून, वर विटा रचून, सिमेंटचा जाड थर देऊन पाइपाचं तोंड बंद झालं. दोन तासांचं काम! चार दिवसांत रस्ता खडखडीत वाळला. गल्लीने 'साहेबांचे जाहीर आभार' असा फलक लावला. ताईने भावाच्या घरासाठी स्वतः पडदे शिवून दिले. अर्जावर शिक्का बसला आणि फळ्यावरचं शून्य शून्यच राहिलं.

तीन आठवड्यांनी सुरुंगकाका कार्यालयात आले.

हे सत्तरीचे गृहस्थ त्याच गल्लीत खालच्या टोकाला राहत. त्यांनी उभा जन्म त्या खाणीत सुरुंग लावण्यात घालवला होता. त्या धडाक्यांनी कान अधू झाले होते, त्यामुळे खासगीतलं बोलणंही ते चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात करत.

"पाइप तुम्ही बुजवलात?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"हो. तक्रार होती."

"पाणी कुठे गेलं?"

"बंद झालं."

"कुठे गेलं म्हणतो मी!"

"काका, बंद झालं. रस्ता बघितलात ना? कोरडा ठणठणीत आहे."

काकांनी खुर्ची ओढली. "साहेब, एखाद्याची लघवी तुंबली तर डॉक्टर म्हणतो का, वा, छान, कपडे कोरडे राहिले?"

अख्खं कार्यालय टायपिंग थांबवून हसू लागलं. साहेबांचे कान लाल झाले. काका मात्र हसत नव्हते.

"त्या खाणीच्या तळाला जिवंत झरा आहे. मी स्वतः फोडलाय तो सुरुंगाने. खाण बंद झाली तेव्हा खाली तळं होतं, पुरुषभर पाणी. ते उपसलं नाही कुणी. तसाच राडारोडा लोटला वरून. त्यात ही तळघरांची चिकणमाती, आधीच ओली. थर देऊन दाबायची असते माती, साहेब. एक थर, त्यावर रोलर, मग दुसरा. मध्ये मध्ये पायऱ्या सोडायच्या असतात, उतार निजता ठेवायचा असतो. इथे काय केलं? ट्रक आला, कड्यावरून ओतला, गेला. भिंतीसारखा उभा झालाय ढीग. तरी इतके दिवस टिकला तो त्या पाइपामुळे. पोटातलं पाणी निघून जात होतं. तुम्ही तीच वाट बंद केलीत. आता पाणी आत चढतंय. माती पाण्याने जड होते आणि आतून बुळबुळीतही होते. वरून वजन, खालून पाणी. मग ढीग टिकायचा कशावर?"

"लेखी द्या," साहेब सवयीने म्हणाले.

"मला लिहिता येत नाही. चला, दाखवतो."

साहेब गेले, कारण सगळं कार्यालय त्यांच्याकडे बघत होतं. ढिगाच्या माथ्यावर पत्र्याच्या खोलीत कंत्राटदाराचा मुकादम बसला होता. कडेला, गल्लीच्या बाजूने, ताज्या मातीचा एक लांबलचक पट्टा दिसत होता आणि त्यावर रोलरच्या खुणा होत्या.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही, भेगा पडतात. उन्हाने. बुजवतो आम्ही. तपासणीवाल्यांना बरं दिसत नाही ना."

"कधी बुजवता?"

"रोज सकाळी."

रोज! जी भेग रोज बुजवावी लागते ती रोज उघडते, एवढं समजायला अभियंता असावं लागत नाही. काकांनी त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना आदल्या दिवशी दोन खुंट्या ठोकून त्यांना सुतळी ताणून बांधली होती. ती सुतळी तुटून पडली होती.

साहेबांनी तिथूनच वरिष्ठांना फोन लावला. वरिष्ठ म्हणाले की प्रस्ताव पाठवा, सोमवारच्या बैठकीत घेऊ. तो दिवस होता मंगळवार. पण पाइप उघडायला कुणाची परवानगी लागणार होती? बुजवताना तर कुणाला विचारलं नव्हतं! साहेब थेट गल्लीत उतरले. पाइप आज फोडायचाच, असं त्यांनी ठरवलं होतं. जाता जाता बहिणीला सांगावं म्हणून ते दुकानात शिरले.

दुकानात छतापर्यंत पांढरं कापड होतं. एका शाळेच्या सभागृहाचे चोवीस पडदे. इतकं मोठं काम ताईला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं.

"आज?" ताईचा चेहरा उतरला. "अरे, आत्ता फोडलास तर महिन्याभराचं तुंबलेलं एकदम येईल दुकानात. पांढरं कापड आहे रे! आठ दिवस थांब. माल जाऊ दे, मग काय फोडायचं ते फोड. तू म्हणशील तर मी स्वतः पहार घेते."

साहेबांनी बहिणीकडे बघितलं. आई गेल्यावर हिनेच मशीन चालवून आपल्याला शिकवलं, हे त्यांना आठवलं असणार. ढीग सहा वर्षं उभा आहे, आठ दिवसांत काय आभाळ कोसळतंय, असंही वाटलं असणार.

"बरं. आठ दिवस," ते म्हणाले.

मंडळी, इथे मी क्षणभर थांबतो. माणसं दुष्टपणाने मारली जातात तेव्हा आपल्याला राग तरी येतो. इथे कुणी दुष्ट नव्हतं. मुकादम सांगितलेलं काम करत होता, वरिष्ठ नियमाने चालले होते आणि भाऊ बहिणीचं मन राखत होता.

आठ दिवस मिळाले नाहीत. शनिवारी सकाळी अकराला काकांचा फोन आला. त्यांना पलीकडचं ऐकू येत नसल्यामुळे ते नुसतेच ओरडत होते. "विजेचा खांब कलला! ताईच्या दुकानातली फरशी फुगलीय! जमिनीतून पाणी येतंय! माणसं काढा!"

साहेब पोचले तेव्हा ऊन लख्ख होतं. आकाशात ढग नव्हता. ढीग जिथे होता तिथेच होता, फक्त त्याचं पोट पुढे आल्यासारखं दिसत होतं. काका एकेक दार बडवत होते. साहेबही धावले.

"बाहेर पडा! सगळे बाहेर! ढीग येतोय!"

लोक दारात आले, वर बघितलं, एकमेकांकडे बघितलं. एक जण म्हणाला, "साहेब, पाणी तर तुम्हीच बंद केलंत ना? आता कसली भीती?" साहेबांचा फलक अजून भिंतीवर होता. ज्या माणसाने संकट मिटवलं म्हणून आभार मानले, तोच संकट आलं म्हणून ओरडतोय, हे लोकांना पटेना. कुणी गॅस बंद करायला आत गेलं, कुणी कुलूप शोधत बसलं.

ताई बाहेर आली. हात धरून साहेबांनी तिला खालच्या चौकापर्यंत ओढत नेलं. मागे वळून बघतात तर दाजी नाहीत.

"हे कुठेत?" ताई किंचाळली.

दाजी पडद्यांचा गठ्ठा घेऊन दुकानाच्या दारात दिसले. बायकोचं महिन्याभराचं काम दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. गठ्ठ्यामुळे त्यांना समोरचं दिसत नव्हतं. त्यांनी दोन पावलं टाकली असतील नसतील, ढीग सुटला.

आवाज मोठा नव्हता, असं वाचलेले लोक सांगतात. घसरत, ओघळत तो आला. दगडगोटे कोसळतात तसा नाही, पातळ चिखल वाहतो तसा, आणि त्या चिखलात विटा, सळया, दरवाज्यांच्या चौकटी. मिनिटभरात गल्लीचा वरचा अर्धा भाग नाहीसा झाला. नऊ माणसं गेली. दाजी तिसऱ्या दिवशी सापडले. हातातला गठ्ठा सुटला नव्हता. त्यांना काढताना साहेब तिथे उभे होते, आणि खोदयंत्राच्या तोंडात रंगीबेरंगी फरशा, हात धुवायचं भांडं, कुणाच्या तरी दारावरची नावाची पाटी असं काय काय येत होतं. सगळ्या शहराची घरं त्या नऊ जणांच्या अंगावर पडली होती!

आठवड्याने वरिष्ठांनी साहेबांना केबिनमध्ये बोलावलं. समोर टाइप केलेला अहवाल होता. कारण: अतिवृष्टी.

"सर, त्या दिवसाआधी अकरा दिवस पाऊस नव्हता."

"त्याच्या आधी तरी होता ना?" वरिष्ठ शांतपणे म्हणाले. "हे बघा, निसर्गापुढे कुणाचं चालत नाही. सही करा. तुम्ही घरातलं माणूस गमावलंय, आम्हाला कळतं. भावनेच्या भरात भलतंसलतं लिहाल तर नोकरी जाईलच, वर खटला उभा राहील. आणि गेलेला माणूस काही परत येणार नाही."

साहेबांनी सही केली नाही. नाहीही म्हणाले नाहीत. कागद खिशात घालून घरी आले. ताई त्यांच्याच घरी होती. बाहेरच्या खोलीत, तिनेच शिवलेल्या पडद्यापाशी, दिवसभर खुर्चीत बसून असायची. तिला सगळे सांगत होते की दैव बलवत्तर, पावसाने घात केला. पाइपाचं तिच्याशी कुणीही बोललं नव्हतं. साहेबांना वरिष्ठांची भीती वाटत नव्हती. भीती या खुर्चीची वाटत होती.

ते तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"ताई, पाऊस नव्हता तो. पाइप मी बुजवला म्हणून पाणी आत चढलं. काकांनी मला मंगळवारी सांगितलं होतं. भेग मी डोळ्यांनी बघितली होती. तेव्हाच फोडला असता, गल्ली रिकामी केली असती, तर..."

ताईने विचारलं, "पाणी बंद करा म्हणून तक्रार कुणाची होती?"

"ताई, तसं नाही..."

"कुणाची होती?"

"तुझी."

"आठ दिवस थांब कोण म्हणालं?"

"तू. पण ठरवलं मी."

"हो, ठरवलंस तूच!" ताईचा आवाज पहिल्यांदा चढला. "मला पडद्यातलं कळतं, डोंगरातलं नाही कळत. तुला कळत होतं. त्यासाठीच शिकवलं होतं ना तुला? माझं ऐकायचं नव्हतंस, छोट्या! हाताला धरून घराबाहेर काढायचं होतंस मला. रडले असते, चार शिव्या दिल्या असत्या. हे तर राहिले असते!"

साहेब खाली मान घालून रडत राहिले. ताईने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला नाही.

"तो कागद फाड," ती शेवटी म्हणाली. "खरं लिही. तळं उपसलं नाही ते लिही, ढीग उभा रचला ते लिही, भेगा बुजवल्या ते लिही. पाइप बुजवला ते सगळ्यांत वर लिही, तुझ्या नावाने. आणि माझी तक्रार जोड त्याला, माझ्या सहीची. मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. पण लिही."

त्यांनी लिहिलं. सात पानं. चौकशी समितीपुढे उभं राहून ती स्वतः वाचली आणि पहिलं वाक्य होतं, 'ढिगातल्या पाण्याची वाट मी बंद करवली.' साहेब निलंबित झाले, खटला उभा राहिला, तो अजून चालू आहे. चौकशीसाठी कार्यालयात गेले की जिन्यापाशी त्यांना पाहून सहकारी तोंड फिरवून जातात. पण त्या सात पानांमुळे शहराच्या दुसऱ्या टोकाचा, तसाच उभा, तसाच ओला दुसरा ढीग तपासावा लागला. तिथले ट्रक थांबले. माथा उतरवायचं, पायऱ्या पाडायचं काम सुरू झालं आणि तुंबलेले निचरे मोकळे केले गेले.

निचरे मोकळे झाले आणि त्या ढिगाखालच्या वस्तीत पांढुरकं, चिकट पाणी वाहू लागलं! लोक भडकले. दारात घाण, लेकरं घसरतात, हे ताबडतोब बंद करा, म्हणून अर्ज तयार झाला. बायका सह्या गोळा करत दारोदार हिंडू लागल्या.

ही बातमी सुरुंगकाकांनी आणली. ताई उठली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच घराबाहेर पडली, आणि त्या अनोळखी वस्तीत, घोटाभर चिखलात, सह्या घेणाऱ्या बायकांसमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही कोण?" एकीने विचारलं.

"ढीग कोसळला त्या गल्लीतली. असाच अर्ज मी केला होता. तीनदा." ताईने पदर सावरला. "बायांनो, हे पाणी येतंय तोवर तुमची घरं शाबूत आहेत. नाली मागा, पूल मागा, ढीग इथून हलवा म्हणून रस्त्यावर बसा, मी येते तुमच्याबरोबर. पण पाणी बंद करा असं कुणाला म्हणू नका. आमच्याकडे ते बंद झालं, तेव्हा मी आनंदाने पडदे शिवत होते."

अर्ज धरलेल्या बाईने तो कागद घडी घालून कमरेला खोचला आणि ताईला बसायला जागा दिली.

बंधुभगिनींनो, आपली पोतीही कुठल्या तरी ढिगावर पडलेली आहेत. घरातून राडारोडा निघेल तेव्हा तो कुठे जातो हे विचारा. कुणाच्या डोक्यावर तो रचला जातोय, कसा रचला जातोय, त्यातलं पाणी कुठून निघतंय, हेही विचारा. आणि जो अधिकारी तुमची अडचण दोन तासांत दिसेनाशी करून देईल, त्याचा फलक लावण्याआधी त्याला एवढंच विचारा: पाणी कुठे गेलं? त्या गल्लीत हा प्रश्न विचारणारा माणूस एकच होता, आणि त्याला आपण सगळे हसलो.